ऑफिसच्या नेटवर्कवरची सॉफ्टवेअर लायसन्स: मोजणीपासून ऑडिटच्या पत्रापर्यंत

वीस ते दीडशे कॉम्प्युटर, एक-दोन सर्व्हर, टॅली, एखादं ईआरपी, कॅडच्या चार-सहा जागा आणि हे सगळं सांभाळणारा एकच माणूस, अशा कंपन्यांसाठी हा लेख आहे. अशा ठिकाणी लायसन्सचं काम बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होतं. आधी डीलरला फोन जातो, मग कोटेशन येतं, मग खरेदी होते. आपल्याकडे नेमकं काय चालू आहे हे मोजायची वेळ सगळ्यात शेवटी येते, तीही कुणी विचारलं तर. पैसे खर्च होतात आणि तूट, म्हणजे वापरापेक्षा कमी पडणारी लायसन्स, जिथे होती तिथेच राहते.

दुसरी चूक याहून महाग पडते. स्क्रीनवर ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसलं की लायसन्स आहे असं धरलं जातं. ॲक्टिव्हेशन ही फक्त तांत्रिक तपासणी आहे. वापरण्याचा हक्क करारातून आणि बिलातून येतो. विंडोज सर्व्हरची कॅल (सर्व्हर वापरणाऱ्या माणसाचं किंवा उपकरणाचं लायसन्स), एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचे कोर (प्रोसेसरमधले गणन करणारे भाग), ओरॅकलचं जावा या गोष्टी कमी पडल्या तरी सॉफ्टवेअर थांबत नाही, इशाराही देत नाही. ते वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं आणि तूट एकदम ऑडिटच्या, म्हणजे उत्पादकाने केलेल्या लायसन्स-तपासणीच्या, वेळी दिसते.

खालचा क्रम मोडू नका. प्रत्येक टप्प्याची पुढच्याला गरज लागते.

## १. तयारी: मोजणीच्या आधी तीन गोष्टी

मालकाकडून किंवा संचालकाकडून लेखी सूचना घ्या. दोन ओळींचा ईमेल पुरे: लायसन्सची तपासणी करायची आहे, अमुक व्यक्ती ती करेल, सगळ्या विभागांनी माहिती द्यावी. हा कागद नसेल तर अकाउंट्स विभाग जुनी बिलं शोधून देत नाही आणि डिझाइन विभाग आपली मशीन उघडू देत नाही.

तपासणी पूर्ण होईपर्यंत नवं सॉफ्टवेअर टाकणं आणि जुनं काढणं, दोन्ही थांबवा. तातडीचं काहीतरी टाकावं लागलं तर तारखेसह नोंद करा.

कर्मचाऱ्यांना स्पष्ट सांगा की कुणाला पकडायला हे चाललेलं नाही. ‘तुमच्या मशीनवर काही आणून टाकलं असेल तर सांगा, त्यावरून कारवाई होणार नाही,’ हे वाक्य विभागप्रमुखाच्या तोंडून जायला हवं. नाहीतर मोजणीच्या आदल्या संध्याकाळी लोक आपापली मशीन साफ करतात आणि सोमवारी कुणाला काय खरोखर लागतं हेच कळत नाही.

सावध: ऑडिटचं पत्र आधीच आलेलं असेल तर इथून थेट टप्पा ९ वर जा. पत्र आल्यानंतर घाईने केलेली साफसफाई तुमच्याच विरोधात जाते.

## २. नेटवर्कवर काय आहे ते मोजा

तीन वेगळ्या याद्या हव्यात: मशीन, माणसं आणि सॉफ्टवेअर. एकाच शीटमध्ये सगळं कोंबलं की पुढची जुळवणी जमत नाही, कारण काही लायसन्स मशीनला असतात आणि काही माणसाला.

मशीनची यादी. डोमेनमध्ये, म्हणजे सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या गटात, दिसतात तेवढीच मशीन मोजू नका. हमखास सुटणारी ठिकाणं अशी: गेटवरचा कॉम्प्युटर, स्टोअरमधला लेबल प्रिंटरचा पीसी, सीएनसी मशीनला जोडलेला जुना विंडोज ७ चा डबा, संचालकांच्या घरचा लॅपटॉप, शाखेतली मशीन, आणि सोडून गेलेल्या माणसाचा कपाटात पडलेला लॅपटॉप. प्रत्येकाचा सीरियल नंबर, विंडोजची आवृत्ती आणि जागा लिहा.

सर्व्हरसाठी आणखी चार रकाने ठेवा: प्रोसेसर किती, प्रत्येकात फिजिकल कोर किती, त्यावर व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअरमधले वेगळे कॉम्प्युटर) किती, आणि प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला दिलेले कोर किती. टास्क मॅनेजरमध्ये ‘लॉजिकल प्रोसेसर’ दिसतात तो आकडा घेऊ नका. हायपर-थ्रेडिंग चालू असेल तर तो दुप्पट असतो.

माणसांची यादी. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतली (विंडोज सर्व्हरवरच्या खात्यांच्या नोंदवहीतली) युजरची यादी आणि एचआरची हजेरीची यादी शेजारी ठेवा. दोन्ही कधीच जुळत नाहीत. सोडून गेलेल्यांची खाती चालू असतात आणि ‘स्टोअर१’सारख्या एका खात्यावर सात माणसं काम करत असतात. या सामाईक खात्यांमागची खरी माणसं शोधा, कारण करारात माणूस मोजतात, खातं नव्हे.

सॉफ्टवेअरची यादी. वीस-पंचवीस मशीन असतील तर हाताने जमतं. त्याहून जास्त असतील तर ओसीएस इन्व्हेंटरी किंवा जीएलपीआयसारखं मुक्त साधन लावा. एकदा बसवलं की ते पुढेही कामी येतं. नाव, आवृत्ती आणि एडिशन तिन्ही हवं. ‘ऑफिस आहे’ ही नोंद निरुपयोगी आहे. होम अँड स्टुडंट, होम अँड बिझनेस आणि प्रोफेशनल प्लस यांचे हक्क पूर्ण वेगळे आहेत.

विंडोजसाठी एक छोटी चाचणी फार उपयोगी पडते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर’ ही आज्ञा ‘डीएलआय’ या पर्यायासह (slmgr /dli) चालवली की लायसन्स कुठल्या वाटेने आलं ते दिसतं: ओईएम (मशीनबरोबर आलेलं), रिटेल (सुटं विकत घेतलेलं) किंवा व्हॉल्यूम (कंपनीच्या एकत्रित करारातलं). तिथे ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ दिसलं आणि तुमच्या कंपनीत केएमएस सर्व्हर (कंपनीतल्या मशीन ॲक्टिव्हेट करणारा सर्व्हर) कुणी कधी उभाच केलेला नसेल, तर त्या मशीनवर बेकायदा ॲक्टिव्हेटर चाललेला आहे असं समजून पुढे जा. खरा केएमएस सर्व्हर निदान २५ विंडोज मशीन संपर्कात आल्याशिवाय ती ॲक्टिव्हेट करतच नाही, आणि ते ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं. पंधरा मशीनच्या ऑफिसात ते आपोआप येण्याचा प्रश्नच नाही.

तपासा: यादीतली मशीनची संख्या स्विच आणि वायफायवर दिसणाऱ्या उपकरणांशी ताडून पाहा. फरक समजावून सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

## ३. कागद गोळा करा

आता हक्काची बाजू. इथे अकाउंट्स विभागाची मदत लागते. जुनी बिलं टॅलीत ‘कॉम्प्युटर खर्च’, ‘ऑफिस खर्च’, कधी ‘दुरुस्ती व देखभाल’ अशा खात्यांत विखुरलेली असतात. पुरवठादाराच्या नावाने शोधणं सोपं जातं.

सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे कंपनीच्या नावाचं बिल, ज्यावर सॉफ्टवेअरचं नाव, एडिशन आणि संख्या स्पष्ट आहे. त्याबरोबर उत्पादकाच्या पोर्टलवरची नोंद हवी, मग ते मायक्रोसॉफ्टचं ॲडमिन सेंटर असो, ऑटोडेस्कचं खातं असो की टॅलीचा सीरियल नंबर. बॉक्स, स्टिकर, सीडी ही पूरक कागदपत्रं झाली. नुसत्या की-चा स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नव्हे.

बिल वाचताना या चार गोष्टी पाहा:

- नाव. एकाच कुटुंबाची प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी आणि वहिनींच्या नावची प्रोप्रायटरशिप एकाच छताखाली असते, सर्व्हर एकच असतो. कायद्याने या तीन वेगळ्या संस्था आहेत. एकीच्या बिलावर दुसरीची माणसं काम करत असतील तर ती तूटच धरा, करारात तसा हक्क लेखी दिलेला नसेल तर.
- वर्णन. ‘कॉम्प्युटर विथ सॉफ्टवेअर, १० नग’ असं बिल असेल तर पुरवठादाराकडून आजच तपशीलवार पत्र मागून घ्या. दोन वर्षांनी तो दुकान बंद करून गेलेला असतो.
- प्रकार. ओईएम विंडोज त्या मशीनबरोबर जन्मते आणि तिच्याबरोबरच संपते. मशीन भंगारात गेली की तिचं लायसन्स नव्या मशीनवर नेता येत नाही.
- किंमत. ऑनलाइन पाचशे-हजार रुपयांत घेतलेली विंडोज किंवा ऑफिसची की जवळजवळ नेहमी कुठल्यातरी शाळेच्या, विकसक सदस्यत्वाच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या व्हॉल्यूम करारातली असते. ती ॲक्टिव्हेट होते. तुमचा हक्क तिच्यातून तयार होत नाही. अशी बिलं ‘शून्य’ म्हणून धरा.

सावध: व्हॉल्यूम करारातलं विंडोज प्रो किंवा एंटरप्राइझ हे अपग्रेड असतं. त्याखाली आधीचं पात्र विंडोज, साधारणपणे प्रो, असावं लागतं. विंडोज होमसह किंवा विंडोजशिवाय स्वस्तात घेतलेल्या लॅपटॉपवर ते टाकून भागत नाही. खरेदी विभागाने लॅपटॉपमागे वाचवलेले पैसे इथे दामदुपटीने जातात.

## ४. प्रत्येक सॉफ्टवेअरचं माप ठरवा

सॉफ्टवेअरच्या यादीत ‘माप’ नावाचा रकाना जोडा आणि प्रत्येक ओळीत एकच शब्द लिहा: मशीन, माणूस, कोर, एकाच वेळी चालणारी संख्या, ठिकाण, किंवा सगळे कर्मचारी. हा रकाना भरताना निम्मा गोंधळ सुटतो.

टॅलीप्राइम सिल्व्हर एका कॉम्प्युटरसाठी आहे. लॅनवर अनेकांनी वापरायचं तर गोल्ड लागतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ माणसाला दिलेलं असतं आणि तो माणूस पाच कॉम्प्युटरवर ऑफिस टाकू शकतो, पण तीच पाच मशीन पाच वेगळ्या माणसांना देता येत नाहीत. ऑटोडेस्कने २०२० पासून नेटवर्कवरची सामाईक लायसन्स मोडीत काढत एका नावाला एक अशी पद्धत आणली. ‘डिझाइन१’ हे लॉगिन दोन पाळ्यांत दोघांनी वापरणं तिथे चालत नाही. सॉलिडवर्क्ससारख्या काही सॉफ्टवेअरला अजून फ्लोटिंग लायसन्स मिळतं. त्यात कितीही मशीनवर टाका, एका वेळी ठरलेलेच लोक उघडू शकतात. मात्र ते कुठल्या शाखेत, कुठल्या देशात चालेल याची मर्यादा करारात वेगळी लिहिलेली असते.

घरगुती आणि शैक्षणिक एडिशन वेगळ्या रंगाने दाखवा. ऑफिस होम अँड स्टुडंट २०२१, मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली, कॅडची विद्यार्थी आवृत्ती ही कंपनीच्या कामासाठी नाहीत, पैसे मोजून घेतली असली तरी.

## ५. सर्व्हर: इथेच सगळ्यात मोठी तूट निघते

विंडोज सर्व्हरला दोन वेगळी लायसन्स लागतात: सर्व्हरसाठी कोरची आणि वापरणाऱ्यांसाठी कॅल. बऱ्याच ठिकाणी पहिलं घेतलेलं असतं आणि दुसऱ्याचं नावही कुणी ऐकलेलं नसतं.

### कोर

नियम असा: सर्व्हरमधले सगळे फिजिकल कोर मोजायचे, प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरमागे किमान १६ धरायचे. स्टँडर्ड एडिशनमध्ये सगळे कोर एकदा भरले की दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. आणखी दोन हव्या असतील तर सगळे कोर पुन्हा एकदा भरायचे. डेटासेंटर एडिशनमध्ये ही मर्यादा नाही.

समजा, वाळूजमधल्या एका कारखान्यात एक सर्व्हर आहे. दोन प्रोसेसर, प्रत्येकी १० कोर. त्यावर चार विंडोज व्हर्च्युअल मशीन: डोमेन आणि फाइल, ईआरपी, एसक्यूएल, आणि टॅलीसाठी रिमोट डेस्कटॉप (दुसऱ्या मशीनवरून आत येऊन काम करायची सोय). एकूण २० कोर. पहिल्या दोन मशीनसाठी २०, पुढच्या दोनसाठी पुन्हा २०, म्हणजे ४० कोरची लायसन्स. बहुतेकांकडे १६ चं एक पॅक असतं, सर्व्हरबरोबर आलेलं. विक्रेत्याने ‘स्टँडर्ड एडिशन दिलं आहे’ एवढंच सांगितलेलं असतं.

दुसरा सर्व्हर बॅकअपसाठी ठेवून पहिल्यावरच्या मशीन त्याच्यावर आपोआप सरकण्याची सोय केली असेल तर दोन्ही सर्व्हरवर पूर्ण लायसन्स लागतं. ‘तो तर नुसता पडून असतो’ हे उत्तर चालत नाही.

### कॅल

कॅल दोन प्रकारची: युजर किंवा डिव्हाइस. एका माणसाकडे डेस्कटॉप, लॅपटॉप आणि फोन असेल तर युजर कॅल फायद्याची. एका मशीनवर तीन पाळ्यांत तीन माणसं बसत असतील तर डिव्हाइस कॅल.

त्याच कारखान्यात शॉपफ्लोअरवर १२ कॉम्प्युटर आहेत, त्यांवर तीन पाळ्यांत ३६ कामगार. ऑफिसात ३० माणसं, प्रत्येकाकडे दोन उपकरणं. सगळ्यांना युजर कॅल दिली तर ६६ लागतात. सगळी डिव्हाइस कॅल घेतली तर ७२. शॉपफ्लोअरला १२ डिव्हाइस आणि ऑफिसला ३० युजर घेतल्या तर ४२ मध्ये भागतं. मिश्रणाला परवानगी आहे. फक्त कोण कशात मोजला ते लिहून ठेवा.

कॅलच्या बाबतीत पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका:

- जुनी कॅल, नवा सर्व्हर. २०२२ ची कॅल २०१९ च्या सर्व्हरला चालते. उलट चालत नाही. सर्व्हर बदलताना कॅलचा खर्च अंदाजपत्रकात धरा.
- मध्ये ईआरपी आहे म्हणून सूट. पन्नास माणसं ईआरपीत काम करतात आणि ईआरपी एकाच खात्याने सर्व्हरशी बोलतं, म्हणून एकच कॅल, असा हिशेब करू नका. शेवटच्या टोकाला बसलेली माणसं किंवा त्यांची उपकरणं मोजली जातात. एसक्यूएल सर्व्हरच्या कॅललाही हेच लागू आहे.
- कॅल फिरवणं. माणूस नोकरी सोडून गेला तर त्याची कॅल दुसऱ्याला द्या. सकाळच्या माणसाची कॅल संध्याकाळच्याला, असं रोज फिरवता येत नाही.
- मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये सगळं आलं हा समज. बिझनेस प्रीमियममध्ये तुमच्या स्वतःच्या सर्व्हरची कॅल नसते. एंटरप्राइझ गटातल्या ई३ मध्ये तसा हक्क येतो. आपला प्लॅन नेमका कुठला ते पाहा.

सर्व्हर न घेता एका साध्या विंडोज ११ मशीनवर सगळ्यांच्या फाइल ठेवल्या तर कॅल लागत नाही. पण तिथे एका वेळी २० उपकरणांची मर्यादा आहे. लहान ऑफिसाला ती पुरते.

### एसक्यूएल सर्व्हर

एक्सप्रेस एडिशन फुकट आहे आणि ईआरपीसाठीही कायदेशीर आहे, पण २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एक डेटाबेस १० जीबीपर्यंतच वाढतो. तो भरला की ईआरपीवाला येतो आणि ‘डेव्हलपर एडिशन टाकून देतो, मर्यादा नाही’ म्हणतो. डेव्हलपर एडिशन फुकट आहे, फक्त विकास आणि चाचणीसाठी. त्यावर रोजची बिलं काढली की ते विनापरवाना झालं.

पैसे भरून स्टँडर्ड घ्यायचं तर सर्व्हर आणि कॅल, किंवा कोरप्रमाणे, असे दोन मार्ग आहेत. कोरप्रमाणे घेताना एका व्हर्च्युअल मशीनमागे किमान चार कोर मोजतात, आणि २०२२ च्या आवृत्तीपासून फक्त त्या व्हर्च्युअल मशीनपुरते कोर मोजायचे असतील तर सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचा लायसन्सवरचा वाढीव करार) किंवा सबस्क्रिप्शन लागतं. ईआरपीबरोबर ‘रनटाइम’ एसक्यूएल आलं असेल तर ते त्याच ईआरपीसाठी आहे. हजेरीच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस त्यात घुसवू नका.

तपासा: प्रत्येक सर्व्हरसमोर तीन आकडे लिहिलेले आहेत का: लागणारे कोर, लागणारी कॅल, हातात असलेली. एकही रकाना ‘बघू’ म्हणून रिकामा नको.

## ६. रिमोट डेस्कटॉप: टॅलीमुळे होणारी चूक

आपल्याकडे हे चित्र गावोगावी आहे. टॅली एका मशीनवर, आणि अकाउंटंट, मालक, सीएच्या ऑफिसातली मुलं सगळे रिमोट डेस्कटॉपने तिथे. सोयीचं आहे यात वाद नाही. पण तीन पातळ्यांवर हक्क तपासावा लागतो.

पहिली पातळी, मशीन. विंडोज १० किंवा ११ प्रो एका वेळी एकाच माणसाला आत घेते. एखादी फाइल बदलून किंवा रॅपर टाकून तिथे दहा जणांना एकदम घुसवण्याची युक्ती सर्रास विकली जाते. हा थेट करारभंग आहे. शिवाय दर विंडोज अपडेटला ती मोडते आणि तसं होऊ नये म्हणून लोक अपडेटच बंद करतात. मग रॅन्समवेअरला दार उघडंच. ही युक्ती कुठल्या मशीनवर दिसली तर तो यादीतला सगळ्यात तातडीचा मुद्दा समजा.

दुसरी पातळी, आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) कॅल. खऱ्या विंडोज सर्व्हरवर अनेकांनी काम करायचं तर साध्या कॅलच्या वर प्रत्येकाला आरडीएस कॅल लागते. सर्व्हरवर सुरुवातीला जे दोन जण फुकट आत जाऊ शकतात ते सर्व्हरची देखभाल करण्यासाठी, टॅलीत व्हाउचर टाकण्यासाठी नव्हे. आरडीएस भूमिका बसवल्यावर १२० दिवसांची सवलत मिळते. ती संपली की रजिस्ट्रीतली नोंद पुसून पुन्हा १२० दिवस मिळवणारे ‘तज्ज्ञ’ भेटतात. त्यांना काम देऊ नका.

आपल्या कारखान्यात आठ अकाउंट्सवाले आणि बाहेरून येणारे सीएच्या ऑफिसातले दोघं, म्हणजे १० आरडीएस युजर कॅल. आठ जण ऑफिसच्या ३० मध्ये आधीच मोजलेत. बाहेरचे दोघं नाहीत. त्यामुळे साध्या युजर कॅल ३० वरून ३२ होतात. सीएची माणसं आपली नोकर नाहीत म्हणून ती मोजायची नाहीत, असं नसतं.

युजर आरडीएस कॅल संख्येपेक्षा जास्त वापरल्या गेल्या तरी सर्व्हर अडवत नाही. मोजमाप तुम्हालाच ठेवावं लागतं. शिवाय युजर प्रकारासाठी ॲक्टिव्ह डिरेक्टरी हवी. वर्कग्रुपमध्ये, म्हणजे डोमेनशिवाय, ठेवलेल्या सर्व्हरसाठी डिव्हाइस प्रकार घ्या.

तिसरी पातळी, त्या मशीनवरची इतर सॉफ्टवेअर. टॅली गोल्ड आहे का, हा पहिला प्रश्न. ऑफिसचा त्याहून अवघड. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस स्टँडर्ड आणि ॲप्स फॉर बिझनेस यांत सामाईक मशीनवर चालवायची सोय नाही. बिझनेस प्रीमियम किंवा ॲप्स फॉर एंटरप्राइझमध्ये आहे. केवळ एक्सेलमध्ये रिपोर्ट काढायचा म्हणून दहा प्रीमियम प्लॅन घेण्याआधी, तिथे लिबरऑफिस पुरतं का ते करून पाहा. बऱ्याचदा पुरतं.

## ७. फुकट वाटणारी सॉफ्टवेअर

ही यादी छोटी आहे, पण तिच्याकडे कुणी पाहत नाही.

ओरॅकलचं जावा. एप्रिल २०१९ पासून जावा ८ च्या नव्या अपडेटना व्यावसायिक वापरासाठी पैसे लागतात. जानेवारी २०२३ पासून सबस्क्रिप्शन कंपनीच्या सगळ्या कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आकारतात, जावा किती मशीनवर आहे यावर नव्हे. त्यामुळे डिजिटल सहीसाठी किंवा जुन्या सॉफ्टवेअरसाठी एका मशीनवर टाकलेलं जावा पूर्ण कंपनीचा खर्च उभा करू शकतं. इक्लिप्स टेम्युरिन किंवा ॲमेझॉन कॉरेटो ही फुकट जावा टाकून काम चालतं का ते तपासा, मगच ओरॅकलचं काढा.

एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर वैयक्तिक वापरासाठी फुकट आहेत. ऑफिसची मशीन सांभाळणं हा वैयक्तिक वापर नाही.

व्हर्च्युअलबॉक्स मुक्त आहे, त्याचा एक्स्टेन्शन पॅक कंपन्यांसाठी नाही. डॉकर डेस्कटॉप २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि १ कोटी डॉलरपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न, या दोन्ही अटी पाळणाऱ्यांनाच फुकट आहे. विनरार ४० दिवस चाचणीसाठी आहे. सेव्हन-झिप टाका, विषय संपला.

मराठी फॉन्टही पाहा. कॅटलॉग, लेबल, वेबसाइट यांसाठी कुणीतरी पेनड्राइव्हवरून आणलेले फॉन्ट हेसुद्धा सॉफ्टवेअरच आहेत.

## ८. जुळवणी, दुरुस्ती, खरेदी: याच क्रमाने

आता एका तक्त्यात प्रत्येक सॉफ्टवेअरसमोर ‘वापरात’, ‘हक्क’ आणि ‘फरक’ असे तीन आकडे मांडा. फरक उणे आला की लगेच खरेदीचा विचार करू नका. आधी हे करा:

1. गरज नसलेलं काढा. डिझाइन विभागात बारा मशीनवर कॅड असतं आणि चौघं ते रोज उघडतात. उरलेल्यांना ड्रॉइंग फक्त बघायचं असतं. त्यासाठी फुकट व्ह्यूअर मिळतात.
2. पर्याय बसवा. फाइल उघडणं, पीडीएफ जोडणं, झिप, स्क्रीनशॉट यांना मुक्त सॉफ्टवेअर पुरतं. बदल एका विभागात पंधरा दिवस चालवून बघा, मग सगळीकडे.
3. सर्व्हरची मांडणी बदला. चारऐवजी दोन विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये काम बसलं तर कोरची निम्मी लायसन्स वाचतात. काही काम लिनक्सवर गेलं तर आणखी. नवा सर्व्हर घेताना जास्त कोरचा प्रोसेसर मिरवायला घेऊ नका, प्रत्येक कोरचा खर्च लायसन्समध्ये वसूल होतो.
4. उरलेलं विकत घ्या. आधी सर्व्हर आणि रिमोट डेस्कटॉप, मग ज्यावर कंपनीचं उत्पन्न चालतं ते कॅड वगैरे, मग डेस्कटॉपवरचं.

काढलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची तारीख, मशीन आणि कारण लिहा. ही नोंद प्रामाणिकपणाचा पुरावा आहे.

विक्रेत्याकडून कोटेशन मागताना ‘ऑफिस २० नग’ असं लिहू नका. एडिशन, माप, मुदत, पार्ट नंबर आणि लायसन्स कुणाच्या नावाने पोर्टलवर दिसेल हे लेखी मागा. लायसन्स तुमच्या कंपनीच्या ईमेलवर नोंदवा. डीलरच्या किंवा नोकरी सोडू शकणाऱ्या माणसाच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदवलेलं सबस्क्रिप्शन परत मिळवताना महिने जातात.

तपासा: बिल आलं की त्याच दिवशी पीडीएफ एका ठरलेल्या फोल्डरमध्ये, आणि तक्त्यातला ‘हक्क’ आकडा बदललेला.

यापुढे तक्ता खरा राहण्यासाठी दोन सवयी पुरतात. कर्मचाऱ्यांच्या मशीनवरचे ॲडमिन अधिकार काढा. आणि एचआरच्या नोकरी सोडण्याच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा: ‘आयटीने लायसन्स परत घेतलं’.

## ९. ऑडिटचं पत्र आलं तर

प्रत्येक ईमेल म्हणजे ऑडिट नव्हे. ‘तुमच्या लायसन्सचा मोफत आढावा घेऊ या’ असं विक्रेत्याचं पत्र हे बहुधा विक्रीचं आमंत्रण असतं. करारातलं कलम दाखवून उत्पादकाने किंवा त्याच्या वकिलाने पाठवलेली नोटीस वेगळी. पत्र कुणी, कुठल्या कराराखाली पाठवलं ते आधी वाचा.

मग या क्रमाने चाला. त्याच दिवशी संचालकांना आणि वकिलांना कळवा. मशीनवरचं काहीही काढू नका, फॉरमॅट करू नका; तारखेचे ठसे मागे राहतात आणि पुरावा नष्ट केल्याचा आरोप मूळ तुटीपेक्षा जड जातो. उत्तर एकाच व्यक्तीकडून, लेखी जाऊ द्या. फोनवर आकडे सांगू नका. त्यांचं मोजणीचं साधन नेटवर्कवर चालवण्याआधी ते काय गोळा करतं आणि कुठे पाठवतं हे लेखी विचारा. मागितलं तेवढंच द्या, पण दिलेलं खरं असू द्या.

कायद्याची बाजू माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. कलम ६९ नुसार गुन्हा कंपनीने केला असेल तर त्या वेळी कंपनीचा कारभार ज्यांच्या हाती होता तेही जबाबदार धरले जातात. दिवाणी दाव्यात न्यायालय स्थानिक आयुक्त नेमून जागेवर तपासणीचा आदेश देऊ शकतं. असा आयुक्त दारात आला तर आदेशाची प्रत मागून वाचा, वकिलांना बोलवा, आणि त्याला अडवू नका. आयटीवाल्यांनी एक गोष्ट आधीच करून ठेवावी: तूट दिसली त्या दिवशी व्यवस्थापनाला लेखी कळवावं आणि तो ईमेल जपावा.

तडजोडीची वेळ आली तर दोन गोष्टी लेखी घ्या. भरलेल्या पैशात आजपासूनची लायसन्स मिळत आहेत की फक्त मागच्या वापराची भरपाई झाली. आणि कुठल्या तारखेपर्यंतचा, कुठल्या कंपनीचा, कुठल्या सॉफ्टवेअरचा विषय बंद झाला. दुसऱ्या कलमात एकाच छताखालच्या सगळ्या फर्मची नावं आली आहेत का ते सही करण्याआधी पाहा.